🍥 म्हणजे नेमकं काय? नारुतोमाकीची इमोजी कुठे वापरावी, कुठे टाळावी, आणि तो पदार्थ कसा करतात

प्रश्न थोडक्यात असा आहे: फोनच्या कीबोर्डवर खाण्याच्या चित्रांमध्ये पांढऱ्या चकतीवर गुलाबी फिरकी असलेली 🍥 ही इमोजी दिसते. ती मिठाई आहे का? दिवाळीच्या शुभेच्छांत चकली म्हणून टाकली तर चालेल का? जपानी सहकारी ती जेवणाच्या वेळी पाठवतात तेव्हा त्यांना काय म्हणायचं असतं? आणि हा पदार्थ आपल्याकडे घरी करता येतो का?

आधी सरळ उत्तर. ही माशाची आहे. पदार्थाचं नाव नारुतोमाकी, बोलताना नुसतं 'नारुतो'. पांढऱ्या मांसाचा मासा धुऊन, मीठ घालून चिकट होईपर्यंत वाटतात, त्याच्या पांढऱ्या लगद्यावर गुलाबी लगद्याचा थर देऊन गुंडाळी करतात आणि उकडतात. इमोजीत दिसते ती या गुंडाळीची आडवी कापलेली चकती. बहुतेक वेळा त्यात अंड्याचा पांढरा भागही असतो. म्हणून फराळाच्या मेसेजमध्ये, श्रावणातल्या किंवा संकष्टीच्या शुभेच्छांमध्ये ती नको. समोरच्याला पदार्थ ओळखता आला नाही तर काही बिघडत नाही, पण ज्याला ओळखता येतो त्याला शाकाहारी ताटात माशाचा तुकडा ठेवल्यासारखं वाटतं. जपानी सहकाऱ्याने पाठवली असेल तर दहापैकी नऊ वेळा विषय रामेनचा, म्हणजे सुपातल्या जपानी नूडल्सचा असतो.

ही चूक इतक्या जणांची का होते, याचं कारण कीबोर्डमध्येच आहे. या इमोजीचं अधिकृत इंग्रजी नाव 'फिश केक विथ स्वर्ल' असं आहे, आणि तिच्या शोधशब्दांत 'केक'बरोबर 'पेस्ट्री'सुद्धा आहे. त्यामुळे वाढदिवसाच्या मेसेजसाठी केक शोधणाऱ्याच्या समोर 🎂 आणि 🍰 यांच्याबरोबर 🍥 हीही येते. रंग गुलाबी-पांढरा, कडेला नक्षी. लहान आकारात ती मिठाईच वाटते. शोधातून इमोजी निवडताना चित्रावर विश्वास ठेवू नका. चित्रावर बोट दाबून धरल्यावर किंवा संगणकावर माऊस वर नेल्यावर नाव दिसत असेल तर ते एकदा वाचा.

माशाच्या गुंडाळीची चकती जगभरच्या फोनवर कशी पोचली? जपानमध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून डोकोमो आणि पुढे केडीडीआय व सॉफ्टबँक झालेल्या मोबाइल कंपन्यांचे स्वतःचे चित्रसंच होते. तिथल्या ग्राहकांसाठी काढलेली ती चित्रं, म्हणून त्यांत तिथलं रोजचं खाणं आलं: ओनिगिरी, ओदेन, दांगो, बेंतो, सेंबेई आणि नारुतो. पुढे जपानबाहेरच्या फोनवर आणि ईमेलमध्ये हे मेसेज नीट दिसावेत म्हणून युनिकोडने, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या मानकाने, ते संच जवळजवळ जसेच्या तसे घेतले. ऑक्टोबर २०१० मध्ये आलेल्या युनिकोड ६.० मध्ये 🍥 आहे. म्हणजे कोणी 'जगाला लागणाऱ्या पदार्थांची' यादी करून ती निवडली नाही. जुने मेसेज फुटू नयेत म्हणून ती आली. मोदकाला, चकलीला, पुरणपोळीला अजून स्वतःचं चित्र नाही आणि उकडलेल्या माशाच्या चकतीला आहे, याचं कारण हेच.

युनिकोड फक्त क्रमांक आणि नाव ठरवतं, चित्र नाही. त्यामुळे फिरकीची दिशा, गुलाबीची छटा, कडेच्या दात्यांची संख्या फोनगणिक वेगळी असू शकते. दिशेवरून जपानमध्ये लोक खरोखर चर्चा करतात. चकतीची एक बाजू पाहिली की फिरकी हिरागाना या जपानी लिपीतल्या 'の' (नो) या अक्षरासारखी दिसते, उलटी केली की आरशातल्यासारखी. वाडग्यात मांडताना साधारणपणे 'の' दिसणारी बाजू वर ठेवतात. रामेनचं चित्र काढणाऱ्यांनी, दुकानाची पाटी रंगवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. जपानी ग्राहकाच्या डोळ्याला उलटी फिरकी लगेच खटकते.

नाव आलं आहे ते नारुतो सामुद्रधुनीवरून. शिकोकू बेटावरचा तोकुशिमा प्रांत आणि आवाजी बेट यांच्या मधल्या या अरुंद पट्ट्यात भरती-ओहोटीच्या वेळी समुद्रात भोवरे फिरतात. उधाणाच्या दिवसांत त्यांचा व्यास २० मीटरपर्यंत जातो. चकतीवरची फिरकी म्हणजे तो भोवरा. पण नारुतोला गेलात तर हा पदार्थ तिथे बनत असेल असं धरून चालू नका. त्याच्या उत्पादनाचं सर्वांत मोठं केंद्र शिझुओका प्रांतातलं याइझू हे मासेमारीचं बंदर आहे.

आता रोजच्या वापराकडे येऊ.

जपानी मजकुरात 🍥 चा पहिला अर्थ रामेन. जपानी कीबोर्डवर 'なると' (नारुतो) टाइप केलं की सुचवण्यांत ही इमोजी येते. '🍜🍥' असं जोडून आलं की रामेन खाल्लं, खायला जाऊ या, किंवा नुसतीच भूक लागली. त्यातही तिचा रोख टोकियोच्या जुन्या पद्धतीच्या सोया सॉसवाल्या रामेनकडे असतो. त्या वाडग्यात नूडल्सवर डुकराच्या मांसाचे काप, आंबवलेले बांबूचे कोंब, नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा, चिरलेली पात आणि नारुतोची एक चकती ही ठरलेली मांडणी असते. हाकाताच्या दाट, पांढऱ्या सुपाच्या रामेनमध्ये आणि नव्या पद्धतीच्या बऱ्याच दुकानांत ती नसते. म्हणून 🍥 ला थोडा जुन्या वळणाचा, घरगुती सूर आहे. हिवाळ्यात '🍢🍥' असं दिसलं तर विषय ओदेनचा: रश्शात तासन्‌तास मुरवलेले मुळा, अंडी, कोन्याकू (एका कंदाची जेलीसारखी वडी) आणि माशाचे गोळे. उदोन, चाम्पोन, वाफवलेलं अंड्याचं चावानमुशी यांतही नारुतोची चकती पडते, पण तिथे ती मुख्य खूण नाही.

कामाच्या ठिकाणी ही इमोजी पूर्ण सुरक्षित आहे. तिला कुठलाही चावट, टोमण्याचा किंवा प्रेमाचा छुपा अर्थ नाही. जपानी सहकाऱ्याने साडेअकराला 🍥 टाकली तर ती दुपारच्या जेवणाची विचारणा समजा आणि हो-नाही कळवा. तुम्ही मासे खात नसाल तर तेव्हाच सांगितलेलं बरं. रामेनच्या सुपातच सुकवलेला मासा किंवा मांस असतं, नुसती चकती बाजूला काढून ते शाकाहारी होत नाही.

दुसरा मोठा अर्थ नारुतो या मांगा (जपानी चित्रकथा) आणि अ‍ॅनिमेचा (जपानी कार्टून मालिका). १९९९ ते २०१४ साप्ताहिक शोनेन जम्प या जपानी मासिकासारख्या चित्रकथांच्या अंकात चाललेल्या या मालिकेचा नायक रामेनचा वेडा आहे, त्याचं आडनाव उझुमाकी म्हणजे भोवरा, आणि त्याच्या कपड्यांवर लाल फिरकी आहे. भारतातल्या विशी-पंचविशीतल्या मुलांच्या प्रोफाइलवर 🍥 दिसली तर नव्वद टक्के तो हाच अर्थ धरावा. सोबत 🦊 असेल तर शंकाच नको, कारण नायकाच्या अंगात नऊ शेपट्यांचा कोल्हा बंदिस्त आहे. १० ऑक्टोबर हा त्या पात्राचा वाढदिवस, त्या दिवशी तर ही इमोजी सगळीकडे दिसते. भाच्या-पुतण्याला त्याच्या आवडीचं काही पाठवायचं असेल तर '🍥🦊🍜' पुरेसं आहे, तो लगेच ओळखेल.

तिसरा अर्थ संगणकवाल्यांच्या वर्तुळातला, आणि तो बाहेर फारसा माहीत नाही. डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचं बोधचिन्ह लाल फिरकी आहे. त्या चिन्हाची इमोजी नसल्यामुळे डेबियनवर काम करणारे लोक 🍥 वापरतात: नावापुढे, नवी आवृत्ती आल्याच्या संदेशात, १६ ऑगस्टला डेबियनच्या वर्धापनदिनी. २०२३ मध्ये डेबियनची वार्षिक परिषद कोचीला झाली, त्यामुळे भारतातही ही खूण ओळखणारे बरेच आहेत. लिनक्सबद्दलच्या गटात कोणी 🍥 टाकली तर रामेन शोधू नका.

या तिन्हींत गोंधळ होत नाही, कारण संदर्भ वेगळे आहेत. गोंधळ होतो तो सारख्या दिसणाऱ्या चिन्हांचा, आणि तिथे नीट लक्ष द्यावं. 🌀 हे निळं चिन्ह चक्रीवादळाचं. जपानी मेसेजमध्ये ते तैफूनसाठी येतं, कधी डोकं गरगरतंय म्हणूनही. 'चक्कर येते आहे' म्हणताना 🍥 टाकली तर समोरचा जेवणाबद्दल बोलतोय असं समजेल. 💮 हे पांढरं फूल म्हणजे जपानी शाळेत बाईंनी वहीवर मारलेला 'फार छान केलंस' असा शिक्का. बारीक अक्षरांत 🍥 आणि 💮 एकसारखी दिसतात. तुमच्या अहवालावर जपानी साहेबाने 💮 टाकली तर ते कौतुक आहे. कौतुक करायचं असेल तेव्हा तुम्हीही तीच टाका. 🍭 ही काडीवरची गोळी, 🍬 ही कागदात गुंडाळलेली. गोड पाठवायचं असेल तर ही दोन्ही निर्धोक आहेत.

दिवाळीसाठी काय वापरावं, असा प्रश्न होता. चकलीला सर्वांत जवळची जपानी इमोजी 🍘 ही आहे. ती सेंबेई, म्हणजे तांदळाची भाजलेली, सोया सॉस लावलेली कुरकुरीत चकती. धान्य तांदळाचं, चव खारी, खाणं कुरकुरीत. चित्रात काळा पट्टा दिसतो ती समुद्री शेवाळाची नोरी. फिरकी नाही, पण जात तीच. गोडासाठी 🍡 घ्या. काडीला ओवलेले गुलाबी, पांढरे, हिरवे दांगो तांदळाच्या पिठाचे असतात. करंजी आणि मोदकासाठी बरेच जण २०१७ मध्ये आलेली डम्पलिंगची 🥟 वापरतात. आकाराने ती करंजीलाच जवळची आहे, पण निदान ती घडी घातलेल्या पारीची आहे आणि सारण कशाचं हे चित्र सांगत नाही. पणती २०१९ पासून 🪔 अशी स्वतंत्र आहे.

मेनूकार्ड करणाऱ्यांसाठी एक सूचना. पुण्या-मुंबईतल्या काही जपानी आणि कोरियन जेवणाच्या जागा डिजिटल मेनूत इमोजी घालतात. रामेनच्या ओळीपुढे 🍥 असेल तर जाणकार ग्राहक वाडग्यात नारुतो आहे असं धरतो. तुमचं रामेन भाज्यांचं असेल तर नुसती 🍜 वापरा. 🍥 घालायचीच असेल तर त्या ओळीवर मांसाहाराची तपकिरी त्रिकोणाची खूण हवी आणि खाली मासा, अंडं, असल्यास गहू अशी नोंद हवी. मासा किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाला गुलाबी फिरकीवरून काही कळत नाही.

तांत्रिक बाजू थोडक्यात. मराठीतला एसएमएस देवनागरीमुळे आधीच १६० ऐवजी ७० अक्षरांच्या मापात जातो. प्रत्येक 🍥 त्यातली दोन खाते. बँकेचे किंवा दुकानाचे मेसेज लिहिणाऱ्यांनी हे मोजावं, नाहीतर मेसेज दोन भागांत जातो आणि पैसे दुप्पट लागतात. डेटाबेसमध्ये साठवताना ही इमोजी चार बाइट घेते. मायएसक्यूएलमध्ये जुना तीन बाइटांचा 'यूटीएफ-८' संच असेल तर नोंद नाकारली जाते किंवा मजकूर तिथेच तुटतो, 'यूटीएफ८एमबी४' ठेवा. आणि अंध वाचकांसाठी फोन प्रत्येक इमोजीचं पूर्ण नाव मोठ्याने वाचतो, म्हणून सजावटीसाठी ओळीने सहा-सात टाकू नयेत.

आता खरा पदार्थ. घरी करता येतो, पण शिजवण्यापेक्षा वाटण्यात आणि थंड ठेवण्यात सगळं कौशल्य आहे.

मासा कोणता, यावर अर्धं काम ठरतं. कमी चरबीचा, पांढऱ्या मांसाचा आणि ताजा हवा. जपानमध्ये उंची कामाबोकोसाठी, म्हणजे माशाच्या लगद्याच्या उकडलेल्या वडीसाठी, गुची हा मासा नावाजलेला, आणि आपल्या किनाऱ्यावरचा ढोमा त्याच कुळातला आहे. राणी मासाही उत्तम. हा तर माशांच्या व्यापारात 'इतोयोरी' म्हणून ओळखला जातो आणि त्याचा धुऊन गोठवलेला लगदा, म्हणजे सुरिमी, रत्नागिरीच्या गद्रे मरीनसारख्या कारखान्यांतून निर्यात होतो. गोठवलेल्या सुरिमीचं तंत्र १९६० मध्ये होक्काइदोत निघालं. त्याआधी धुतलेला लगदा गोठवला की त्याची पकड जायची. साखर आणि सॉर्बिटॉल मिसळल्यावर ती टिकते, हे तेव्हा सापडलं आणि कारखाने बंदरापासून लांबही चालू शकले. बांगडा आणि तारली घेऊ नका: चरबी जास्त, मांस गडद, रंग मळकट येतो. बोंबलात पाणी फार. घरच्या फ्रीजरमध्ये आठवडाभर पडलेला मासाही नको, त्यातली प्रथिनं आधीच बिघडलेली असतात आणि पुढे कितीही वाटलं तरी लगदा चिकट होत नाही.

दोन गुंडाळ्यांसाठी प्रमाण: साल, काटे आणि गडद मांस काढलेल्या ४०० ग्रॅम फोडी. धुऊन पिळल्यावर साधारण ३०० ग्रॅम उरतात. त्या ३०० ग्रॅमला मीठ ८ ग्रॅम, साखर ६ ग्रॅम, एका अंड्याचा पांढरा भाग, बटाट्याचा स्टार्च किंवा कॉर्नफ्लोअर १५ ग्रॅम, बर्फाचं पाणी ३० मिलिलिटर. मिरीन (स्वयंपाकातली गोडसर जपानी तांदळाची दारू) असेल तर पाण्यातलं १० मिलिलिटर कमी करून ते घाला. रंगासाठी खायचा लाल जेल रंग, काडीच्या टोकाएवढा. बीटाचा रस कच्च्यात सुंदर दिसतो आणि उकडल्यावर विटकरी होतो, तो टाळा.

फोडी सुरीने बारीक करा आणि पाचपट बर्फाच्या पाण्यात पाच मिनिटं हलक्या हाताने ढवळा. खाली बसू द्या, वरचं पाणी ओता. असं दोन-तीनदा करा. वास, रक्त, चरबी आणि पाण्यात विरघळणारी प्रथिनं यात निघून जातात. मागे उरतात ती पकड देणारी प्रथिनं. शेवटच्या धुण्यात लिटरला २ ते ३ ग्रॅम मीठ टाकलं की मांस पाणी सहज सोडतं. मग मलमलीच्या फडक्यात घट्ट पिळा. इथे आळस केला तर पुढे लगदा सैल राहतो आणि गुंडाळी बसकी होते.

मिक्सरचं भांडं आणि पातं अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. आधी नुसतं मांस थोडं थोडं थांबत एक मिनिट फिरवा. मग सगळं मीठ एकदम घालून पुन्हा फिरवा. मिठामुळे मायोसिन हे प्रथिन विरघळतं आणि लगदा दाट, चकचकीत, बोटाला ओढ देणारा होतो. हे दिसल्यावरच साखर, अंडं, स्टार्च आणि पाणी घाला. स्टार्च आधी पडला तर मिठाला प्रथिनापर्यंत नीट पोचता येत नाही. या सगळ्यात लगदा १० अंशांच्या खाली राहिला पाहिजे. मिक्सर वीस सेकंदांपेक्षा जास्त सलग चालवू नका, भांडं हाताला कोमट लागलं की पाच मिनिटं फ्रीजमध्ये. आपल्या उष्ण समुद्रातल्या माशांची प्रथिनं थंड पाण्यातल्या माशांपेक्षा थोडी सोशीक असतात, तेवढी सवलत मिळते, पण मे महिन्यातल्या स्वयंपाकघरात ती पुरत नाही.

लगदा तयार झाला की लगेच आकार द्या. मीठ पडलेला लगदा फ्रीजमध्येसुद्धा हळूहळू घट्ट बसतो, आणि बसलेला लगदा लाटायला घेतला तर भेगा पडतात. आधी तो हाताने भांड्यावर आठ-दहा वेळा आपटा म्हणजे आतली हवा निघते. पाव भाग बाजूला काढून त्यात रंग मिसळा. एका गुंडाळीसाठी क्लिंग फिल्मवर पांढऱ्या लगद्याचा १५ बाय ११ सेंटिमीटरचा, ८ मिलिमीटर जाडीचा थर ओल्या सुरीने पसरा. त्यावर गुलाबी लगदा ३ मिलिमीटर जाडीचा, पण ११ सेंटिमीटरच्या बाजूला पलीकडचे दोन सेंटिमीटर मोकळे सोडून. आपल्या बाजूची कड उचलून आत वळवा आणि फिल्मच्या आधाराने घट्ट गुंडाळा. मोकळी सोडलेली पांढरी पट्टी बाहेर येऊन गुलाबी झाकते. एवढ्या मापात पावणेदोन वेढे बसतात, आणि 'の' साठी तेवढेच हवेत. थर पातळ करून चार वेढे घातले तर फिरकी सुबक येत नाही, नुसते पट्टे दिसतात.

कडेचे दाते हे सजावटीचं वेगळं काम नाही. ठळक कड्यांच्या बांबूच्या चटईत गुंडाळून उकडल्यामुळे ते उमटतात. सुशीची साधी चटई फार बारीक रेघा देते. तिच्या आतल्या बाजूला दहा-बारा लाकडी काड्या लांबीला समान अंतरावर लावा, वर चटई गुंडाळा आणि तीन रबरबँड घाला.

फ्रीजमध्ये रात्रभर ठेवलं तर चावायला जास्त चिवट, लवचिक होतं. घाई असेल तर लगेच उकडा. मात्र भांड्यातलं पाणी उकळून वाफ जोरात आल्यावरच गुंडाळी आत ठेवा. ५० ते ७० अंशांच्या टप्प्यात माशातली काही एन्झाइम जागी होऊन तयार होणारी जाळी तोडू लागतात, म्हणून तो टप्पा भराभर ओलांडायचा. थंड पाण्यावर ठेवून हळू तापवलेली गुंडाळी भुसभुशीत होते, आणि करणारा दोष मिठाला देतो. आत ठेवल्यावर आच मध्यम करा, एकूण २५ मिनिटं. मध्यभागी ७५ ते ८० अंश आले की झालं. आच मोठीच ठेवली तर गुंडाळी फुगते आणि गार झाल्यावर सुरकुतते. बाहेर काढून फिल्मसकट बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, मग चटई सोडा.

नीट जमलं की नाही याची एक खात्रीची चाचणी आहे, कारखान्यातही तीच करतात. गार गुंडाळीची ३ मिलिमीटरची चकती कापा, अर्धी दुमडा, पुन्हा अर्धी दुमडा. चार पदरी घडीतही भेग पडली नाही तर उत्तम. पहिल्याच घडीत तुटली तर लगदा वाटताना तापला, मासा शिळा होता, किंवा मीठ कमी पडलं. चकतीत भोकं दिसली तर हवा राहिली. गुलाबी-पांढरा थर सुटून आला तर पांढऱ्या थराला पसरताना पाणी जास्त लागलं किंवा तो उघडा राहून वरून सुकला. रंग पांढऱ्यात उतरला असेल तर रंग पातळ होता.

वाढताना ४ ते ५ मिलिमीटरच्या चकत्या कापा आणि सूप ओतल्यावर शेवटी वर ठेवा. सुपात उकळू नका, दाते फुगून कड गोल होते. फ्रीजमध्ये झाकून तीन दिवस टिकते. फ्रीजरमध्ये ठेवलेली वितळल्यावर पाणी सोडते आणि स्पंजासारखी लागते, म्हणून उरलेली दुसऱ्या दिवशी तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी परतून संपवा.